पावणेपाच लाख भोकं

सुरुवातीलाच कबूल करते, माझी शाळा कॉन्व्हेंट. मराठी आठवड्यातून चार तास, आणि त्यातलाही एक पीटीला जायचा. तेव्हा ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका पोटात घाला.

सध्या कॅम्पसमध्ये प्लेसमेंटचे वारे आहेत. कँटीनमध्ये कुठल्याही टेबलावर बसा, एक तरी जण भेटतोच. दोन वर्षं नोकरी करायची, पैसे साठवायचे, मग सगळं सोडून आपल्या आवडीचं करायचं, हा त्याचा प्लॅन. कोणाला बँड काढायचाय, कोणाला शॉर्ट फिल्म. मलाही फोटोग्राफीचं वेड आहे, म्हणून हसत नाही. पण असं खरोखर सोडलेल्या एका माणसाबद्दल नीट वाचलं तेव्हा कळलं की 'सोडणं' हा प्रकार एकदा करून संपत नाही.

तो माणूस म्हणजे धुंडिराज गोविंद फाळके. आपल्याला दादासाहेब फाळके म्हटलं की अवॉर्ड आठवतं, फार तर 2009 सालचा 'हरिश्चंद्राची फॅक्टरी' हा सिनेमा. जन्म 30 एप्रिल 1870, त्र्यंबकेश्वर. घरात संस्कृतचं वातावरण, पण पोराचा ओढा चित्रांकडे. मुंबईला जे. जे. स्कूल ऑफ आर्ट, मग बडोद्याचं कलाभवन. तिथे चित्रकलेबरोबर फोटोग्राफी, छपाईच्या प्रक्रिया, असं सगळं शिकले. आजच्या भाषेत ड्युअल डिग्री! गोध्र्याला फोटो स्टुडिओ टाकला. प्लेगमध्ये पहिली बायको आणि मूल गेलं.

1903 मध्ये पुरातत्त्व खात्यात फोटोग्राफर आणि ड्राफ्ट्समनची नोकरी लागली. त्या काळची सरकारी नोकरी म्हणजे जावई शोधणाऱ्यांच्या रांगा. बंगालची फाळणी झाली, स्वदेशीची लाट आली आणि यांनी नोकरी सोडली. हे पहिलं सोडणं. मग लोणावळ्याला, नंतर दादरला छापखाना. भागीदारांचे पैसे, यांचं कौशल्य. 1909 मध्ये रंगीत छपाई शिकायला जर्मनीला जाऊन आले. छापखान्याचं नाव झालं, आणि नेमकं तेव्हाच भागीदारांशी बिनसलं. तेही सोडलं. वय चाळिशीच्या आसपास, पदरात मुलं, हातात काही नाही.

अशात गिरगावात त्यांनी येशू ख्रिस्ताच्या जीवनावरचा सिनेमा बघितला. आम्हाला शाळेत दर गुड फ्रायडेच्या आधी हॉलमध्ये असाच सिनेमा दाखवायचे. माझं लक्ष अर्ध्या दिवसाच्या सुट्टीकडे असायचं. फाळक्यांना पडद्यावर ख्रिस्ताच्या जागी कृष्ण दिसायला लागला, राम दिसायला लागला. ते पुन्हा गेले, बायकोला घेऊन गेले. मग रोजचं वेडच. मिळेल तो सिनेमा बघायचा, घरी प्रयोग करायचे, झोप नाही. डोळ्यांवर इतका ताण आला की काही काळ दिसेनासं झालं. उपचारांनी नजर परत आली, आणि पुन्हा तेच सुरू!

विम्याच्या पॉलिसी गहाण टाकून 1912 च्या फेब्रुवारीत ते लंडनला निघाले. तिथे ओळख कोणाची? कोणाचीच नाही. 'बायोस्कोप' साप्ताहिकाच्या संपादकांना जाऊन भेटले. त्यांनी आधी या भानगडीत पडू नका असंच सुचवलं, पण माणूस ऐकत नाही म्हटल्यावर मदत केली. सेसिल हेपवर्थचा स्टुडिओ बघायला मिळाला. एप्रिलमध्ये विल्यमसन कॅमेरा घेऊन परत. कच्ची फिल्म, तिला भोकं पाडायचं मशीन यांचीही सोय तिकडूनच झाली.

पैसे देणाऱ्यांना दाखवायला त्यांनी काय शूट करावं? कुंडीत वाटाणा पेरला आणि रोप वाढताना थोडं थोडं चित्रित केलं. पडद्यावर बी काही क्षणांत वेल होते. आपण ज्याला टाइम-लॅप्स म्हणतो तेच, तेही 1912 साली.

आता भोकांबद्दल. तेव्हा कच्ची फिल्म कडेच्या भोकांशिवाय मिळायची, ती अंधारात बसून स्वतः पाडावी लागत. हे काम दुसऱ्या पत्नी सरस्वतीबाई करायच्या. मी इंजिनियर (होणार!), म्हणून कॅल्क्युलेटर काढला. 'राजा हरिश्चंद्र' सुमारे 3,700 फुटांचा. एका फुटात 16 फ्रेम, प्रत्येक फ्रेमला एका कडेला 4 भोकं, कडा दोन. 3,700 × 16 × 8 = 4,73,600. हे फक्त एका प्रतीचं, वाया गेलेली फिल्म धरलीच नाही. मशीन झालं तरी ते चालवायला अंधारात कोणीतरी बसावं लागतंच. आईला हा हिशोब दाखवला, तर तिने एवढंच विचारलं की तेवढ्या वेळात स्वयंपाक कोण करायचं? बघितलं, तर तोही त्याच करायच्या, सगळ्या युनिटचा. दागिनेही त्यांचेच गेले. कँटीनमधल्या आमच्या प्लॅनमध्ये हा माणूस कुठेच नसतो.

बाकी गोष्ट तुम्हाला थोडीफार माहीत असेल. तारामतीच्या कामाला बाई मिळेना, म्हणून उपाहारगृहात काम करणारे साळुंके तारामती झाले. रोहिदास म्हणून स्वतःचा मुलगा भालचंद्र. सिनेमात काम करणं इतकं कमीपणाचं होतं की विचारलं तर हरिश्चंद्राच्या फॅक्टरीत आहोत असं सांगायचं ठरलेलं. 3 मे 1913 ला गिरगावच्या कॉरोनेशनमध्ये चित्रपट लागला आणि चालला. पुढच्या वर्षी लंडनमध्ये खेळ झाले, तिकडेच राहून चित्रपट करा अशी ऑफरही आली. नाही म्हणून नाशिकला परतले. 1917 चा 'लंकादहन' तर तुफान चालला. त्यात राम साळुंकेच आणि सीताही साळुंकेच!

मला जास्त विचार करायला लावलं ते यानंतरच्या भागाने. 1918 मध्ये भांडवलदारांना घेऊन हिंदुस्तान सिनेमा फिल्म्स कंपनी निघाली. आता पैशाची चिंता नको होती. पण भागीदारांना वेळेत आणि खर्चात बसणारे चित्रपट हवे होते, यांना मनासारखे. भांडणं झाली आणि फाळक्यांनी स्वतःच्याच कंपनीतून राजीनामा दिला. कुटुंब घेऊन काशीला गेले, 'रंगभूमी' नावाचं नाटक लिहिलं. ते फारसं चाललं नाही. मग परत त्याच कंपनीत आले, महिना हजार रुपये पगारावर. ज्याने नोकरी सोडून सगळं सुरू केलं, तोच स्वतः उभ्या केलेल्या कंपनीत पगारदार! मला हे वाचून वाईट वाटलं, पण मग वाटलं की का? कॅमेऱ्यामागे उभं राहायला मिळत होतं ना.

पुढे बोलपट आले. मूक चित्रपटात मुरलेल्या फाळक्यांना तो बदल जड गेला. कोल्हापूर सिनेटोनसाठी 1937 मध्ये केलेला 'गंगावतरण' हा त्यांचा शेवटचा चित्रपट, वय 67. त्यानंतर काम मिळालं नाही. 16 फेब्रुवारी 1944 ला नाशिकमध्ये ते गेले. 'राजा हरिश्चंद्र' आज पूर्ण उपलब्ध नाही, थोडी रिळं उरली आहेत. त्यातला हौदाचा प्रसंग नक्की बघा. ओल्या लुगड्यांमध्ये पाणी उडवत हसणाऱ्या त्या सगळ्या बायका पुरुष आहेत, आणि सगळे मजेत दिसतात.