सायकलीचं वय आणि लक्ष्मणराव किर्लोस्कर

किर्लोस्कर हे नाव आपल्याकडे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. विहिरीवरच्या पंपावर, शेतातल्या डिझेल इंजिनावर ते आपण लहानपणापासून वाचत आलोय. पण या सगळ्या कारखानदारीची सुरुवात पंपाने नाही, नांगरानेही नाही, तर चक्क सायकलीने झाली, हे आपल्यातल्या बऱ्याच जणांना माहीत नसतं. मित्रांनो, मी लक्ष्मणरावांपर्यंत पोचलो तोही एका सायकलीवरूनच.

आमचं रा.से.यो.चं शिबिर राळेगणसिद्धीला होतं. नगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यातल्या पारनेर तालुक्यातलं हे दुष्काळी गाव. 1975 नंतर अण्णा हजारे यांच्या पुढाकाराने इथे नालाबंडिंग आणि पाझर तलावांची कामं झाली, हे आपण वाचलेलं असतंच. तिथे एका काकांच्या पडवीत जुनी रॅले सायकल होती. ती आजोबांची आणि शंभर वर्षांपूर्वीची, असं काकांचं म्हणणं. पॉलिश पेपरने घासून, काळा रंग मारून ती नातवाला द्यायचा त्यांचा बेत होता. तुम्ही इंजिनिअर, तेव्हा खरं वय तुम्हीच काढा, म्हणून त्यांनी आम्हाला कामाला लावलं.

सायकलीचं वय काढायची रीत सोपी आहे, फक्त घाई चालत नाही. आधी हॅण्डलखालचा बॅज वाचायचा. त्यावर नॉटिंगहॅम असेल तर रॅले विलायती. सेन-रॅलेच्या आसनसोलच्या कारखान्यातली असेल तर ती पन्नासच्या दशकातली किंवा नंतरची. मग सीटखाली किंवा पायडलच्या एक्सलखाली फ्रेमचा नंबर शोधायचा. मागच्या चाकात स्टर्मी-आर्चरचा तीन गिअरचा हब असेल तर नशीबच, कारण त्याच्या कवचावर महिना आणि वर्ष ठोकलेलं असतं. डिझेलच्या फडक्याने तो भाग हलक्या हाताने पुसला आणि 52 हा आकडा दिसला. म्हणजे हब 1952 चा. पण इथेच थांबायचं नाही! हब फक्त हबचं वय सांगतो. चाक मागाहून बदललेलं असू शकतं. म्हणून बॅज, फ्रेम, ब्रेक, मडगार्ड या सगळ्यांची साक्ष जुळवायची. इथे ती जुळली. सायकल शंभर वर्षांची नव्हती. काका थोडे हिरमुसले, पण घासायचं मात्र थांबले. बॅजची अक्षरं आणि मूळ रंगावरच्या सोनेरी रेघा एकदा गेल्या की सायकलीचा जन्मदाखलाच गेला, हे त्यांना पटलं.

मग माझ्या डोक्यात आलं की खरोखर सव्वाशे वर्षांपूर्वीची सायकल आपल्या भागात असेल तर ती कशी असेल? या प्रश्नाचं उत्तर शोधताना बेळगाव सापडलं आणि लक्ष्मणराव सापडले.

लक्ष्मण काशिनाथ किर्लोस्कर यांचा जन्म 20 जून 1869 चा, बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचा. घरात वेदान्ताचं वातावरण, मुलाला मात्र चित्रांचा आणि यंत्रांचा नाद. 1885 मध्ये वडिलांचा विरोध असूनही थोरले भाऊ रामूअण्णा यांच्या आधारावर ते मुंबईला जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये गेले. तिथे कळलं की त्यांना काही रंग नीट ओळखता येत नाहीत. चित्रकार व्हायचं स्वप्न तिथेच संपलं. दुसरा कुणी गाशा गुंडाळून गावी गेला असता. यांनी मेकॅनिकल ड्रॉइंग धरलं, कारण त्याला रंग लागत नाहीत. पुढे ते व्हीजेटीआयमध्ये, म्हणजे तेव्हाच्या भायखळ्याच्या व्हिक्टोरिया ज्युबिली इन्स्टिट्यूटमध्ये, शिक्षक झाले. शिकवून झालं की वर्कशॉपमध्ये जाऊन स्वतःच्या हाताने यंत्रं खोलायची, परदेशी मासिकं वाचायची, हा त्यांचा क्रम. (ड्रॉइंगच्या शीट ट्रेस करणाऱ्यांनी नोंद घ्यावी!)

मुंबईत त्यांनी सायकल पाहिली आणि तिच्यात धंदा ओळखला. लक्ष्मणरावांनी मुंबईहून सायकली घेऊन पाठवायच्या आणि रामूअण्णांनी बेळगावात विकायच्या, असं ठरलं. किर्लोस्कर ब्रदर्स हे नाव तिथलंच, आणि उद्योगसमूह आपला जन्म 1888 चा मानतो. सायकलीची किंमत तेव्हा सातशे ते हजार रुपये आणि चालवायला शिकवण्याची फी पंधरा रुपये होती, असं सांगतात.

आता वय काढायची आपली रीत इथे लावून बघा. साखळीने मागचं चाक फिरवणारी रोव्हर सेफ्टी सायकल इंग्लंडमध्ये 1885 ला आली. डनलॉपने हवेच्या टायरचं पेटंट घेतलं तेच मुळी 1888 च्या शेवटी. त्यामुळे त्या वर्षीच्या सायकलीला भरीव रबराचंच टायर असणार. फ्रीव्हील सर्रास झालं ते शतक संपता संपता. तोवर चाक फिरेल तोवर पायडलही फिरणार. स्टर्मी-आर्चरचे तीन गिअर तर 1903 मध्ये बाजारात आले. म्हणजे फ्रीव्हील आणि दांडीचे ब्रेक दाखवून कुणी 1888 ची सायकल म्हणून विकत असेल तर खुशाल घरी यावं!

असं यंत्र दुरुस्त करायला सुटे भाग कोपऱ्यावर मिळत नव्हते. छर्रे, कोन, साखळीची कडी, जे मोडलं ते समजून घेऊनच बसवायचं. लक्ष्मणराव आणि नुसता सायकल विक्रेता यांच्यातला फरक मला इथे दिसतो. विलायती माल विकून दोघांचंही पोट भरलं असतं. यांनी त्या मालातून यंत्र कसं घडतं ते वाचलं.

1897 मध्ये बढतीत डावलून ती जागा एका अँग्लो-इंडियन माणसाला दिली गेली, तेव्हा त्यांनी नोकरी सोडली आणि बेळगाव गाठलं. सायकलींपाठोपाठ कडबा कापण्याचं यंत्र बनवलं, मग लोखंडी नांगर. लोखंडाने जमीन नासते अशी शेतकऱ्यांची समजूत होती, त्यामुळे पहिले नांगर दोन वर्षं पडून राहिले. पुढे नगरपालिकेने कारखान्याची जागा सोडायला लावली. तेव्हा औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी कुंडल रोड स्टेशनजवळ 32 एकर माळ दिला, निवडुंग आणि सापांनी भरलेला. 1910 मध्ये तिथे किर्लोस्करवाडी उभी राहिली. नांगरामागून पंप आले, इंजिनं आली. 26 सप्टेंबर 1956 ला लक्ष्मणराव गेले, तेव्हा सायकलीच्या दुकानापासून निघालेलं ते नाव देशभर पोचलेलं होतं.

मला यातून एकच गोष्ट घ्यावीशी वाटते. जुनं यंत्र हातात आलं की आपण आधी घासतो, रंगवतो, नाहीतर भंगारात देतो. वाचत मात्र नाही. आपल्या हॉस्टेलमागच्या शेडमध्येही पास होऊन गेलेल्या सिनिअर्सच्या आठ-दहा सायकली गंजत पडल्या आहेत. भंगारवाला यायच्या आत एक रविवार काढा. बॅज बघा, नंबर लिहून घ्या, हब पुसा, आणि मग खोला. वर्कशॉपच्या सरांनी परवानगी दिली तर एखादी पुन्हा रस्त्यावरही येईल. येणाऱ्यांनी पाना आणि जुनं फडकं आपापलं आणावं!