स्वतःची चूक शोधणारा सर्जन: थायरॉईडचं कोडं उलगडणारे डॉ. थिओडोर कोचर

लग्नाला चार वर्षं झाली, पाळी वेळेवर येत नाही, दिवस राहत नाहीत. अशी तक्रार घेऊन बेळगावात काय किंवा इंदूरमध्ये काय, बाई दवाखान्यात गेली की सुरुवातीच्या तपासण्यांत थायरॉईडची रक्ततपासणी असतेच. पण गळ्यातली ही छोटी ग्रंथी नेमकं काय काम करते, हे दीडशे वर्षांपूर्वी डॉक्टरांनाही ठाऊक नव्हतं. ते उघड होण्यात स्वित्झर्लंडच्या डॉ. थिओडोर कोचर यांच्या एका चुकीचा मोठा वाटा आहे.

कोचर यांचा जन्म 25 ऑगस्ट 1841 रोजी बर्न शहरात झाला. 1872 मध्ये, अवघ्या 31 व्या वर्षी, ते तिथल्याच विद्यापीठात शस्त्रक्रियेचे प्राध्यापक झाले. आल्प्सच्या डोंगराळ भागात माती-पाण्यात आयोडीन कमी. त्यामुळे गावोगावी गलगंडाचे रुग्ण, त्यात बायका जास्त. गाठ वाढली की श्वास कोंडायचा आणि कापायला जावं तर रक्तस्रावानं माणूस दगावायचा. कोचर सावकाश, रक्त जपून आणि काटेकोर स्वच्छता पाळून शस्त्रक्रिया करत. त्यांचे रुग्ण वाचू लागले, नाव झालं.

1874 मध्ये त्यांनी 11 वर्षांच्या एका मुलीची सगळी ग्रंथी काढली. जखम छान भरली. पण पुढे मुलगी मंद झाल्याचं कळलं. 1882 मध्ये जिनिव्हाचे सर्जन जाक-लुई रेव्हर्दां यांनीही आपल्या रुग्णांत असाच बदल पाहिल्याचं त्यांना सांगितलं.

कोचर यांनी जुने रुग्ण परत बोलावले. संपूर्ण ग्रंथी काढलेल्या 18 जणांना तपासलं, तर 16 जण सुजलेले, थकलेले, बुद्धीनं मंदावलेले. त्या मुलीची धाकटी बहीण पूर्वी हुबेहूब तिच्यासारखी दिसायची. ती तरुणी झाली होती, थोरलीची वाढ मात्र खुंटली होती.

हे लपवणं सोपं होतं. कोचर यांनी 1883 मध्ये जर्मन सर्जनांच्या परिषदेत सगळा हिशेब उघड मांडला. यापुढे ग्रंथीचा काही भाग ठेवायचाच, असं ठरवलं.

ग्रंथी गेली की शरीर मंदावतं, एवढं आता कळलं होतं. 1891 मध्ये इंग्लंडचे डॉ. जॉर्ज मरे यांनी मेंढीच्या थायरॉईडचा अर्क टोचून एका आजारी बाईला बरं केलं. ती पुढे 28 वर्षं जगली. आजची थायरॉईडची गोळी याच वाटेनं आली.

ग्रंथीचा रस कमी पडला की बीजकोशातून बीज बाहेर पडण्याचं चक्र बिघडतं, पाळी पुढेमागे होते, गर्भ राहायला अडचण येते, राहिला तरी गर्भपाताचा धोका वाढतो. गरोदरपणात बाळाच्या मेंदूलाही हा रस लागतो. वेळेत निदान झालं, तर गोळीनं यातलं बरंच सावरतं.

1909 मध्ये कोचर यांना नोबेल मिळालं. हा मान मिळवणारे ते पहिले सर्जन. 27 जुलै 1917 रोजी त्यांचं निधन झालं. पुढे 1922 पासून स्वित्झर्लंडमध्ये मिठात आयोडीन मिसळू लागले. भारतात गलगंड नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम 1962 मध्ये आला.

मूल होत नाही म्हणून आजही बोट आधी सुनेकडेच जातं. प्रत्येक वेळी कारण थायरॉईडच असतं असं नाही, नवऱ्याचीही तपासणी हवी. पण जिथं ते कारण असतं, तिथं दोष बाईचा नसतो. दुखणं गळ्यातल्या ग्रंथीचं असतं, आणि त्यावर औषध आहे.