१७ हजार दगडांत एकाच माणसाचं नाव: शेवटपर्यंत मुलांसोबत राहिलेले डॉक्टर यानुश कोर्चाक

पोलंडची राजधानी वॉर्सापासून साधारण ८० किलोमीटरवर, जंगलात ट्रेब्लिंका नावाची जागा आहे. इस्रायल, जर्मनी आणि खुद्द पोलंडमधल्या शाळा-कॉलेजांच्या सहली इथे येतात. या सहली मौजमजेच्या नसतात. दुसऱ्या महायुद्धात नाझी जर्मनीने सुमारे ६० लाख ज्यूंची हत्या केली. त्यालाच होलोकॉस्ट म्हणतात. तो इतिहास जिथे घडला तिथे उभं राहून समजून घ्यायला ही मुलं येतात.

पण ट्रेब्लिंकात पोचल्यावर बघायला जुनं काहीच नसतं. बराकी नाहीत, गॅस चेंबर नाहीत. १९४३ मध्ये नाझींनीच सगळं पाडलं, जमीन नांगरली आणि पुरावा पुसून टाकायचा प्रयत्न केला. आज तिथे आहेत ते १७ हजार ओबडधोबड दगड. १९६४ मध्ये उभारलेलं हे स्मारक आहे. काही दगडांवर गावांची नावं आहेत, म्हणजे ज्या गावांतून माणसं इथे आणली गेली ती गावं. बाकीचे दगड कोरे.

या सगळ्यात एकाच दगडावर एका माणसाचं नाव आहे: यानुश कोर्चाक. त्या नावाखाली मुलांचाही उल्लेख आहे, पण त्यांची नावं नाहीत.

मग हा माणूस होता तरी कोण?

मेलेल्या कॅनरीची गोष्ट

कोर्चाक यांचं खरं नाव हेन्रिक गोल्डश्मिट. जन्म वॉर्साचा, २२ जुलैचा. साल मात्र १८७८ की १८७९ यात घोळ आहे, कारण वडिलांनी जन्माची नोंद वेळेवर केली नव्हती. तेव्हा वॉर्सावर रशियन साम्राज्याची सत्ता होती. वडील नावाजलेले वकील, घर खातंपितं आणि पोलिश संस्कृतीत मुरलेलं. आपण ज्यू आहोत हे लहानग्या हेन्रिकला फारसं माहीतही नव्हतं.

ते कळलं पाचव्या वर्षी. त्याची पाळलेली कॅनरी मेली. तिला पुरून वर क्रॉस लावावा असं त्याला वाटलं. तेव्हा इमारतीच्या रखवालदाराच्या मुलाने त्याला सांगितलं की, क्रॉस चालणार नाही, कारण हा पक्षी ज्यू आहे आणि तूही ज्यू आहेस. ही आठवण कोर्चाक यांनी मोठेपणी स्वतःच लिहून ठेवली आहे.

पुढे वडिलांना मानसिक आजार झाला, घरातला पैसा संपला आणि १८९६ मध्ये वडील गेले. हेन्रिक शिकवण्या करून घर चालवू लागला. मेडिकलला प्रवेश घेतला आणि सोबत लिखाणही सुरू ठेवलं. १८९८ मध्ये एका लेखनस्पर्धेसाठी त्याने एका कादंबरीतल्या पात्रावरून टोपणनाव घेतलं, तेच यानुश कोर्चाक. हे नाव आयुष्यभर चिकटलं.

जिथे मुलं मोठ्यांवर खटला भरायची

डॉक्टर झाल्यावर कोर्चाक वॉर्सातल्या ज्यू मुलांच्या हॉस्पिटलमध्ये काम करू लागले. श्रीमंतांकडून भरपूर फी घ्यायची आणि गरिबांना फुकट तपासायचं, हा त्यांचा हिशोब. लेखक म्हणूनही नाव झालं होतं. म्हणजे करिअर अगदी जोरात होतं.

पण त्यांना एक गोष्ट खात होती. आजारी मूल बरं होऊन परत जायचं ते त्याच अंधाऱ्या खोलीत आणि त्याच उपासमारीत. मग औषधाने काय साधणार?

१९१२ मध्ये वॉर्साच्या क्रोखमाल्ना रस्त्यावर ज्यू अनाथ मुलांसाठी नवं वसतिगृह सुरू झालं आणि कोर्चाक त्याचे प्रमुख झाले. त्यांच्या जोडीला होत्या स्टेफानिया विल्चिन्स्का. मुलं त्यांना स्टेफा म्हणायची. पहिल्या महायुद्धात कोर्चाक यांना रशियन सैन्यात डॉक्टर म्हणून जावं लागलं, तेव्हा हे घर स्टेफा यांनीच चालवलं.

या घरात मुलांची स्वतःची संसद होती, स्वतःचं वर्तमानपत्र होतं आणि स्वतःचं कोर्टही होतं. न्यायाधीश मुलंच. कोर्टाच्या कायद्यातली पहिली ९९ कलमं वेगवेगळ्या कारणांनी माफ करण्याची होती. घरातून काढून टाकण्याची शिक्षा थेट हजाराव्या कलमात. शिवाय मोठ्यांवरही खटला भरता यायचा. अर्ध्या वर्षात खुद्द कोर्चाक यांना पाच वेळा या कोर्टासमोर यावं लागलं. त्यातला एक आरोप होता एका मुलीवर चोरीचा संशय घेतल्याचा.

अजून एक भारी पद्धत म्हणजे पैजा. मारामारी करणारा मुलगा कोर्चाक यांच्याकडे येऊन या आठवड्यात किती भांडणं करणार याचा आकडा सांगायचा. तो आकडा पाळला की गोळ्या मिळायच्या. एका दिवसात शहाणं व्हायची अट नव्हती. थोडंथोडं सुधारलं तरी चालत होतं.

यामागचा विचार साधा होता. मूल हे उद्याचा नागरिक वगैरे नंतर, आधी ते आजचा माणूस आहे. म्हणून त्याचा आदर आजच करायला हवा. शंभर वर्षांपूर्वी, छडीशिवाय शिक्षण नाही असं जग मानत होतं, तेव्हाची ही गोष्ट.

पोलंडचा लाडका डॉक्टर

१९२३ मध्ये त्यांची किंग मॅट ही कादंबरी आली. लहानपणीच राजा झालेल्या मुलाची ही गोष्ट पोलंडमध्ये घरोघरी पोचली. १९२६ मध्ये त्यांनी मुलांनीच लिहिलेलं साप्ताहिक सुरू केलं. १९३०च्या दशकात ते रेडिओवर म्हातारा डॉक्टर या नावाने बोलू लागले. ज्यू नाव ऐकवायचं नाही म्हणून हे दुसरं नाव. तरीही ज्यूविरोधी वातावरण तापल्यावर १९३६ मध्ये कार्यक्रम बंद पडला.

याच काळात ते दोनदा पॅलेस्टाईनला जाऊन आले. तिथे स्थायिक व्हायचा विचारही केला, पण मुलांना सोडवेना. स्टेफा तर तिकडे राहायला गेल्याही होत्या. पण युद्धाचे ढग दिसू लागल्यावर १९३९ मध्ये त्या वॉर्साला परत आल्या.

भिंतीच्या आत

१ सप्टेंबर १९३९ ला जर्मनीने पोलंडवर हल्ला केला. १९४० मध्ये वॉर्सातल्या ज्यूंना एका भागात कोंडून भोवती भिंत बांधली गेली. हाच वॉर्सा घेट्टो. साडेतीन चौरस किलोमीटरपेक्षाही कमी जागेत चार लाखांहून जास्त माणसं.

अनाथाश्रमालाही आत जावं लागलं. सामान हलवताना मुलांसाठी ठेवलेल्या बटाट्यांची गाडी जर्मनांनी जप्त केली. कोर्चाक ती सोडवायला गेले, तेही जुन्या पोलिश लष्करी गणवेशात आणि ज्यूंना सक्तीचा असलेला दंडपट्टा न लावता. परिणाम, थेट तुरुंग. सुटून आल्यावर प्रकृती खालावलेली, तरी रोज दारोदार फिरून सुमारे २०० मुलांसाठी अन्न मागणं सुरूच होतं.

आणि इथे या गोष्टीत भारत येतो. १८ जुलै १९४२ ला मुलांनी आश्रमात एक नाटक केलं. ते होतं रवींद्रनाथ टागोरांचं डाकघर. आजारी अमल घराबाहेर जाऊ शकत नाही, खिडकीतून जग बघतो आणि राजाच्या पत्राची वाट बघत राहतो. भिंतीआड कोंडलेल्या मुलांना अमल समजावून सांगायची गरज नव्हती. मरणाला न घाबरता सामोरं जाणं मुलांना जमावं म्हणून कोर्चाक यांनी हे नाटक निवडलं, असं सांगितलं जातं.

ऑगस्टमधली ती सकाळ

नाटकानंतर चारच दिवसांनी, २२ जुलैला, घेट्टो रिकामा करायला सुरुवात झाली. रोज हजारो माणसं मालगाड्यांत भरून ट्रेब्लिंकाला जाऊ लागली. घेट्टोतल्या ज्यू परिषदेचे प्रमुख अ‍ॅडम चेर्नियाकुव यांनी अनाथ मुलांना वगळावं म्हणून प्रयत्न केला. ते जमलं नाही. दुसऱ्याच दिवशी त्यांनी आत्महत्या केली.

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात अनाथाश्रमाची पाळी आली. मुलं रांगेत उभी राहिली. कोर्चाक, स्टेफा आणि बाकीचे कर्मचारी त्यांच्यासोबत स्टेशनपर्यंत चालत गेले आणि गाडीत बसले. घेट्टोबाहेर पडण्यासाठी कोर्चाक यांना मित्रांनी आधी मदत देऊ केली होती. त्यांनी ती नाकारली होती.

त्या मिरवणुकीबद्दल अनेक आठवणी सांगितल्या जातात. कुणी म्हणतं मुलांच्या हातात हिरवा झेंडा होता, कुणी म्हणतं ती गात होती. शेवटच्या क्षणी एका जर्मन अधिकाऱ्याने कोर्चाक यांना सुटकेची संधी दिली, असंही सांगतात. साक्षीदारांचे तपशील एकमेकांशी जुळत नाहीत. पण एका गोष्टीवर वाद नाही. कोर्चाक मुलांना सोडून गेले नाहीत.

ट्रेब्लिंकाला आणलेल्या बहुतेकांना काही तासांतच गॅस चेंबरमध्ये मारलं जायचं. तिथे मारल्या गेलेल्यांचा आकडा आठ लाखांच्या पुढे जातो.

मग त्यांनी साधलं काय?

कोर्चाक एकाही मुलाला त्या गाडीतून वाचवू शकले नाहीत. मग सोबत जाऊन काय उपयोग झाला, हा प्रश्न पडणं साहजिक आहे.

पण हा निर्णय त्या सकाळी घेतलेला नव्हता. तीस वर्षं ते एकच सांगत आले होते की, मुलाला दिलेला शब्द हा मोठ्या माणसाला दिलेल्या शब्दाइतकाच पक्का असतो. आजारी मूल रात्री एकटं ठेवायचं नाही, तसंच घाबरलेली मुलं गाडीत एकटी पाठवायची नाहीत. त्या दिवशी त्यांनी रोजचंच काम केलं.

त्यांचे विचार मागे उरले. १९७८ मध्ये बालहक्कांसाठी आंतरराष्ट्रीय करार व्हावा असा मसुदा संयुक्त राष्ट्रांसमोर ठेवला तो पोलंडनेच. त्यामागच्या प्रेरणांमध्ये कोर्चाक यांचं नाव घेतलं जातं. १९८९ मध्ये करार झाला आणि १९९२ मध्ये भारतही त्यात सामील झाला. मुलाचं म्हणणं ऐकून घेतलं पाहिजे, हे आज त्या करारात लिहिलेलं आहे.

ट्रेब्लिंकाला आलेले विद्यार्थी त्या दगडापाशी थांबतात. त्यांच्यातले अनेक जण त्या गाडीत बसलेल्या मोठ्या मुलांच्याच वयाचे असतात. कोर्चाक यांचं नाव दगडावर आहे, पण स्टेफा यांचं नाही आणि त्या दोनशेच्या आसपास मुलांपैकी एकाचंही नाही. कोर्चाक यांच्या कोर्टात यावरही कुणीतरी नक्कीच तक्रार केली असती.