चंद्रशेखर यांचं गणित

रात्री आकाशात दिसणारा तारा किती जड असू शकतो, असा प्रश्न तुम्हाला कधी पडलाय का? सुब्रह्मण्यन चंद्रशेखर यांना पडला होता.

त्यांचा जन्म १९१० साली लाहोरला झाला. शिक्षण मद्रासमध्ये झालं. १९३० च्या जुलैअखेर ते मुंबईहून बोटीनं इंग्लंडला निघाले. केंब्रिजला शिकायचं होतं. वय होतं फक्त १९! बोटीवर वेळ भरपूर होता. त्यांनी श्वेतबटू ताऱ्यांचं गणित मांडायला घेतलं.

श्वेतबटू म्हणजे काय? सूर्यासारख्या ताऱ्याचं इंधन संपलं, की त्याचा गाभा आकसतो. आकार साधारण पृथ्वीएवढा होतो, पण वस्तुमान जवळजवळ सूर्याएवढं असू शकतं. चंद्रशेखर यांच्या गणितातून एक नवी गोष्ट कळली. श्वेतबटूच्या वस्तुमानाला मर्यादा आहे: सूर्याच्या सुमारे १.४ पट. त्यापेक्षा जड झाला, तर त्याला स्वतःचाच भार पेलत नाही.

११ जानेवारी १९३५ रोजी लंडनला रॉयल ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीच्या सभेत त्यांनी हे मांडलं. लगेच सर आर्थर एडिंग्टन बोलायला उभे राहिले. खगोलशास्त्रात तेव्हा त्यांचा शब्द फार मोठा. त्यांनी सगळ्यांसमोर या गणिताची थट्टा केली. लोक हसले. काही मोठ्या शास्त्रज्ञांना चंद्रशेखर यांचं म्हणणं पटलं होतं, पण उघडपणे कोणी बोललं नाही.

तुम्ही त्यांच्या जागी असता, तर काय केलं असतं? चंद्रशेखर यांनी आपलं म्हणणं सोडलं नाही आणि एडिंग्टन यांच्याशी मैत्रीही तोडली नाही. ते अमेरिकेत शिकागो विद्यापीठात गेले. १९३९ मध्ये त्यांनी आपलं गणित पुस्तकात नीट मांडलं आणि मग दुसरे विषय हाती घेतले. १९८३ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळालं. १९९५ मध्ये त्यांचं निधन झालं.

काही श्वेतबटूंना जोडीदार तारा असतो. श्वेतबटू त्याचा वायू ओढून घेतो. हा वायू वेगानं कोसळताना प्रचंड तापतो आणि त्यातून क्ष-किरण निघतात. आपलं वातावरण ते किरण अडवतं, म्हणून दुर्बीण अवकाशात पाठवावी लागते. नासानं १९९९ साली अशी एक दुर्बीण सोडली. ती अशा जोड्याही बघते. तिचं नाव काय, माहीत आहे? ‘चंद्रा’!

लंडनला पिकाडिलीवरून जाल, तेव्हा बर्लिंग्टन हाउस नक्की बघा. ती सभा तिथेच झाली होती.