दीनबंधूंची दिल्लीतील अध्यापकी

इंग्लंडातील न्यूकॅसल येथे १८७१ साली जन्मलेले चार्ल्स फ्रीअर अँड्र्यूज हे २० मार्च १९०४ रोजी दिल्लीस पोहोचले. केंब्रिज मिशनमध्ये राहावे व काश्मिरी दरवाजाजवळील सेंट स्टीफन्स कॉलेजात शिकवावे, असे त्यांच्या सेवेचे स्वरूप होते. वर्गात हिंदू, मुसलमान व ख्रिस्ती विद्यार्थी शेजारी शेजारी बसत. परंतु समोरचा अध्यापक राज्यकर्त्यांपैकी एक, हे अंतर केवळ पाठ्यपुस्तकाने मिटणारे नव्हते.

अँड्र्यूज स्वतःच विद्यार्थी झाले. ते उर्दू शिकू लागले. वृद्ध मौलवी झकाउल्ला यांच्याजवळ बसून मोगलकालीन दिल्लीच्या आठवणी ऐकत. त्यांचे चरित्रही त्यांनी पुढे १९२९ साली प्रसिद्ध केले. सहकारी सुशीलकुमार रुद्र तर त्यांचे जिवलग स्नेही झाले.

या स्नेहाची परीक्षा १९०६ साली झाली. कॉलेजास नवा प्राचार्य नेमावयाचा होता. तो इंग्रजच असावा असे काही वरिष्ठांचे मत होते, आणि अँड्र्यूज यांचेच नाव पुढे आले. रुद्र तेथे १८८६ पासून शिकवीत होते. भारतीय म्हणून त्यांना डावलल्यास आपण राजीनामा देऊ, असे अँड्र्यूज यांनी निक्षून कळविले. रुद्र प्राचार्य झाले आणि अँड्र्यूज त्यांच्या हाताखाली आनंदाने शिकवीत राहिले. ‘दीनबंधू’ हे नाव त्यांना पुढे मिळाले. माझ्या मते ते त्यांनी येथेच कमाविले.

१९१४ साली ते शांतिनिकेतनास गेले. १९४० साली कलकत्त्यात त्यांचे देहावसान झाले. रुद्र मात्र १९२३ पर्यंत प्राचार्यपदी होते; १९१५ साली गांधीजी दिल्लीस आले, ते त्यांच्याच घरी उतरले.