ओळख पटण्याआधीची वाट

आजचं वचन: लूक २४:१३-३५



पुनरुत्थानाच्या दिवशी क्लयपा आणि त्याचा सोबती अम्माऊसला निघाले होते. येशू स्वतः त्यांच्याबरोबर चालला, शास्त्र उलगडून सांगत राहिला, तरी त्यांनी त्याला ओळखलं नाही. ओळख पटली ती संध्याकाळी, भाकर मोडताना. आणि लगेच तो दिसेनासा झाला.

हे वाचताना रेव्हरंड नारायण वामन टिळक आठवतात. १८६१ साली कोकणात जन्मलेले हे कवी १८९३ मध्ये नागपूरहून राजनांदगावला रेल्वेने चालले होते. डब्यात एक युरोपियन गृहस्थ भेटले. संस्कृत काव्यावर छान गप्पा झाल्या. निरोप घेताना त्यांनी टिळकांना नवा करार दिला.

वाचता वाचता टिळक डोंगरावरील प्रवचनापाशी पोचले आणि त्यात गुंतून गेले. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

पण घरी? पत्नी लक्ष्मीबाई कडक सोवळ्यात वाढलेल्या. बाप्तिस्म्याची बातमी त्यांना नंतर कळली, आणि त्या कोसळल्याच. काही वर्षं दोघं वेगळे राहिले. पुढे त्या टिळकांकडे आल्या, तरी आपला धर्म आणि सोवळं सांभाळूनच. हळूहळू जातिभेदावरचा विश्वास उडाला आणि १९०० मध्ये त्यांनीही बाप्तिस्मा घेतला.

अम्माऊसला दोघांचे डोळे एकदमच उघडले. टिळकांच्या घरात मात्र मधे पाच वर्षं गेली. आपल्यापैकी कितीजणांच्या घरी आजही असंच आहे! एकाला प्रभू भेटलाय. आई-बाबांना किंवा जोडीदाराला ते पटत नाही. मग आपण वाद घालतो, नाहीतर आशाच सोडतो.

लूक मात्र सांगतो की ओळख पटण्याआधीही येशू त्यांच्याबरोबरच चालत होता. चुकीची समजूत घेऊन चालणाऱ्यांनाही त्याने वाटेत सोडलं नाही. त्यांचं दुःख त्याने आधी ऐकून घेतलं, मग बोलला.

टिळकांनी ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्य लिहायला घेतलं, पण ९ मे १९१९ रोजी ते गेले तेव्हा सुरुवातीचेच अध्याय झाले होते. पुढची कथा लक्ष्मीबाईंनी रचली. उशिरा ओळखणारीनेच ती पुढे नेली!

प्रार्थना: प्रभू, माझ्या घरातल्यांबरोबर तू चालतो आहेस, हा भरवसा दे. आणि मला त्यांचं ऐकून घ्यायला शिकव. आमेन.