कोण होते मिकी लेलँड, ज्यांच्या नावाने भुकेविरुद्ध लढणारे तरुण घडवले गेले?

7 ऑगस्ट 1989. इथिओपियाची राजधानी अदिस अबाबाहून एक छोटं विमान सुदानच्या सीमेजवळच्या निर्वासित छावणीकडे निघालं. आत 16 जण होते. त्यातले एक अमेरिकेचे खासदार मिकी लेलँड. विमान छावणीत पोहोचलंच नाही. सहा दिवसांच्या शोधानंतर डोंगरात त्याचे अवशेष सापडले. कुणीही वाचलं नव्हतं. लेलँड अवघ्या 44 वर्षांचे होते.

पण एवढ्या लांब या खासदाराचं काय काम होतं?

लेलँड यांचा जन्म 1944 चा, टेक्सासमधला. ह्यूस्टनमधल्या फिफ्थ वॉर्ड या गरीब कृष्णवर्णीय वस्तीत आई आणि आजीने त्यांना वाढवलं. शिक्षण फार्मसीचं. वस्तीत दारोदार फिरून गरिबांपर्यंत आरोग्यसेवा पोहोचवता पोहोचवता ते राजकारणात आले आणि 1978 मध्ये खासदार म्हणून निवडून आले.

1984 मध्ये त्यांच्या पाठपुराव्यामुळे अमेरिकी संसदेत भुकेच्या प्रश्नावर खास समिती स्थापन झाली. अध्यक्ष तेच. तेव्हा इथिओपिया आणि सुदानमध्ये भीषण दुष्काळ होता. सुदानच्या छावणीत त्यांना हाडांचा सापळा झालेली एक मुलगी दिसली. तिच्याबद्दल विचारायला ते क्षणभर वळले. पुन्हा पाहिलं, तर तिचा जीव गेलेला होता. तो चेहरा ते कधीच विसरले नाहीत. 1985 मध्ये आफ्रिकेसाठी सुमारे 80 कोटी डॉलरच्या मदतीचा कायदा झाला, त्यात त्यांचा मोठा वाटा होता.

त्यांच्यानंतर 1993 मध्ये खर्चकपातीत ही समितीच बंद झाली. तेव्हाचे अध्यक्ष टोनी हॉल यांनी निषेध म्हणून 22 दिवस उपोषण केलं. त्याच वर्षी हॉल आणि विरोधी पक्षाचे बिल इमर्सन यांनी इतरांसोबत ‘काँग्रेशनल हंगर सेंटर’ सुरू केलं. संस्थेच्या एका फेलोशिपला इमर्सन यांचं नाव मिळालं. ती अमेरिकेतल्या भुकेसाठी. 2001 मध्ये जगभरातल्या भुकेवर काम करणारी दुसरी फेलोशिप आली, ती लेलँड यांच्या नावाने.

दोन्हींची आखणी सारखीच. तरुणांनी आधी वस्तीत, शेतात, छावणीत राबायचं आणि मग धोरणं ठरतात तिथे जाऊन बसायचं.

लेलँड यांची वाटही हीच होती. समिती बंद करता आली. पण ही वाट शिकून तयार झालेली माणसं कामाला लागली होती.